नववं प्रकरण

“नववं प्रकरण परत काढ,” बाबा म्हणाले. “वाऱ्याची दिशा चुकली आहे.”

तिने कीबोर्डवरचे हात मांडीत घेतले. वाऱ्याची दिशा गेल्या वर्षीही चुकली होती. त्याआधी मधल्या डोलकाठीची उंची चुकली होती. तोफा तर चौऱ्याहत्तरच्या बहात्तर झाल्या आणि वर्षभराने मुकाट्याने परत चौऱ्याहत्तर. अकरा वर्षं ती बाबांचं हे एकच पुस्तक टाइप करत होती. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या शिडाच्या युद्धनौकेचा इतिहास.

गल्लीत बाबांना सगळे कप्तान म्हणत. आयुष्यात ते एकदाच बोटीत बसले होते आणि किनारा येईपर्यंत ओकत होते. पण त्या नौकेची कागदपत्रं त्यांच्याइतकी कुणी चाळली नव्हती. खलाशांचा हजेरीपट, सुताराच्या दुरुस्तीच्या वह्या, तोफखान्याची टिपणं, सगळ्याच्या नकला खोलीत छतापर्यंत रचलेल्या. नव्हती ती फक्त सतरा दिवसांची नोंद. मोठ्या लढाईआधी सतरा दिवस नौका कुठे होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुख्य नोंदवहीतली नेमकी तेवढीच पानं गहाळ होती. कुणी म्हणे, ती शत्रूच्या मागावर होती. कुणी म्हणे, वेढा फोडून आली. नववं प्रकरण त्या सतरा दिवसांचं, तूर्त सगळं तर्काने लिहिलेलं. ते सापडल्याशिवाय पुस्तक छापायचं नाही, असा बाबांचा हेका होता.

बाबांना विसर पडायला लागलाय, हे तिने मनाशी केव्हाच धरून टाकलं होतं. मागच्या वर्षी खोडलेलं वाक्य ते यंदा नव्याने सांगत. ती काही न बोलता टाइप करी. खालच्या मजल्यावर राहणारा भाऊ चिडायचा. “तू त्यांना एकदा स्पष्ट सांगत का नाहीस?” वहिनी तिला म्हणायची, “तुमचं वय काय, तुम्ही करताय काय!” पण हे पुस्तक काढून घेतलं तर बाबा चार दिवसांत अंथरूण धरतील, अशी तिला धास्ती होती.

नौका उभी आहे त्या बंदरातल्या संग्रहालयाचं पत्र चार दिवस तिच्या पर्समध्ये पडून होतं. नौकेचं दप्तर लावायला त्यांना ती हवी होती. याआधी दोनदा तिने नाही म्हणून कळवलं होतं. आता तिसऱ्यांदा विचारतोय, यापुढे विचारणार नाही, असं त्यांनी सरळच लिहिलं होतं.

“वारा नैर्ऋत्येचा नव्हे,” बाबांनी सांगायला सुरुवात केली. “लिही...”

“बाबा, मला नाही होत आता.”

हे आपणच बोललो, यावर तिचा विश्वास बसेना. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. “मी दमले. मला बंदरावर नोकरी मिळतेय. मी सोमवारी जाते.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आता हे छातीला हात लावणार, असं वाटून ती अर्धी उठली.

“खालच्या कप्प्यात नकाशांखाली एक गठ्ठा आहे,” ते म्हणाले. “काढ.”

तिने काढला. वरती प्रकाशकाचं पत्र होतं. ‘आपलं संपूर्ण हस्तलिखित परत पाठवत आहोत. पुस्तक छपाईला जाण्याच्या बेतात असताना आपण ते का मागवलं, हे समजलं नाही.’ पत्र अकरा वर्षांपूर्वीचं. खाली बाबांच्या अक्षरातलं अख्खं पुस्तक. तिने नववं प्रकरण उघडलं. सतराही दिवस त्यात होते, कुठल्याशा परक्या दप्तरात मिळालेल्या पानांवरून उतरवलेले. पहिला दिवस, वारा नाही. दुसरा दिवस, वारा नाही. तिसरा, चौथा, तसेच. शत्रू नाही, वेढा नाही. भर समुद्रात नौका नुसती उभी होती.

“म्हणजे पुस्तक तेव्हाच झालं होतं?”

“हो.”

“मग अकरा वर्षं माझ्याकडून काय टाइप करून घेतलंत?”

बाबांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला.

“जावई गेले आणि तू एका पिशवीनिशी इथे आलीस. पाच महिने त्या खिडकीत बसून होतीस. कुणाशी एक शब्द नाही. मग एक दिवस या खोलीत आलीस, नौकेच्या चित्रावर बोट ठेवलंस आणि विचारलंस, या दोराला काय म्हणतात? पुस्तक मी आदल्याच महिन्यात पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी परत मागवलं.”



“आणि मला वाटत होतं, तुम्हाला विसर पडतोय! मी तुमच्यासाठी थांबले होते, बाबा.”

“ते कळत होतं गं. त्या नौकेवरच्या सहाशे माणसांची नावं मला पाठ आहेत, मला कसला विसर? दर वर्षी नवी चूक शोधून काढायची म्हणजे सोपं काम नव्हे. आपणहून बंद करावं तर भीती वाटायची, ही पुन्हा खिडकीत जाऊन बसेल. म्हटलं, बरी झाली की हीच वैतागून उठेल.” बाबांनी डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. “फार वेळ लावलास, पोरी. मी पार दमून गेलो.”