धोंडुबाईचा धनी

गोऱ्या बाईनं एकाएकी धोंडुबाईचे दोन्ही हात धरले आणि ती रडायला लागली.

धोंडुबाई गोंधळली. कोल्हापुरात दुधाच्या कट्ट्यावर ती वीस वर्षं म्हशी घेऊन उभी राहत होती. समोर पिळलेलं दूध पिऊन खूश झालेली माणसं तिनं पाहिली होती, रडणारं कुणी पाहिलं नव्हतं. त्यात या बाईनं तर अजून ग्लाससुद्धा घेतला नव्हता. तिच्याबरोबरचे आठदहा पाहुणे मोबाइल वर धरून सगळं टिपत होते.

"काय झालं रं हिला?" तिनं सम्राटला विचारलं. तो पर्यटकांना शहर दाखवायचा. दर रविवारी संध्याकाळी त्याची गाडी कट्ट्यावर थांबायची.

"काय न्हाय मावशी. हळवी असत्यात ही माणसं. तुमी नुस्तं बघत ऱ्हावा."

धोंडुबाईची लेक क्रांती कामावरून परस्पर दुधाचे मोकळे कॅन न्यायला आली होती. कागलच्या एमआयडीसीत ती नोकरीला होती, परदेशी साहेबांशी रोज फोनवर बोलायची. मघापासून ती मागं उभी राहून सम्राटचं इंग्रजी ऐकत होती.

"आई, तू विधवा हायस म्हणून रडालीया ती."

"काय?"

"ह्यानं सांगितलंय. बाराव्या वर्षी लगीन झालं, विसाव्या वर्षी नवरा मेला, सासरच्यांनी हाकलून दिलं. म्हसच तुझी देवी. आन् आबा म्हंजे तुझा पगारी गडी."

म्हशीच्या कासेखाली बसलेल्या केरबाचे हात थांबले. चरवीत वाजणारी धार बंद पडली.

धोंडुबाईनं आपले हात सोडवून घेतले. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, गळ्यात डोरलं होतं, आणि नवरा, हाच केरबा, दोन हातांवर बसला होता.

"माझं कुकू पुसलंस व्हय रं? माझ्याच म्होरं हुबा ऱ्हाऊन?"

"मावशी, हळू बोला की! ह्यास्नी असलंच लागतंय. नुस्तं दूध प्यायला कोण एवढ्या लांबनं येतंय? पुढच्या रविवारी दोन गाड्या आणतोय. तुमचंच भलं हाय त्यात."

धोंडुबाईनं त्याच्याकडं पाठ फिरवली.

"क्रांते, सांग त्या बाईला. ह्यो गडी न्हाय, माझा धनी हाय. ठणठणीत हाय. ही देवी न्हाय, म्हस हाय, लाथ मारती. आमी दोघांनी म्हशी राखल्या आन् लेक इंजिनेर केली. आन् मला हाकलणारा अजून जलमाला यायचा हाय!"

"असं बोललासा तर गाडी दुसऱ्या कट्ट्यावर नेईन मी," सम्राट दातओठ खात म्हणाला.

"ने की! पर तितल्या बाईचा नवरा मारायच्या आदी तिला इचार."

क्रांतीनं एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. ऐकता ऐकता वर धरलेले मोबाइल खाली आले. गोऱ्या बाईनं डोळे पुसले. तिनं केरबाकडं पाहिलं, मग क्रांतीच्या गळ्यातल्या कंपनीच्या ओळखपत्राकडं पाहिलं. आणि काहीतरी हातचं गेल्यासारखं तिचं तोंड उतरलं.

केरबा उठला. त्यानं ग्लास काठोकाठ भरून तिच्या हातात दिला.

धोंडुबाई बाईच्या तोंडाकडं बघत होती.

"क्रांते, माझा नवरा जिता हाय म्हटल्यावर हिचं तोंड का उतरलं? इचार तिला."

"आई, जाऊ दे आता."

"इचार म्हणते न्हवं!"

क्रांतीनं विचारलं.

सम्राट गाडीपाशी जाऊन सगळ्यांना हाका मारू लागला. बाई मात्र ग्लास धरून तशीच उभी राहिली. दुधावरचा फेस हळूहळू खाली बसत गेला.