सोपानशेठची यात्रा

सकाळी आठला शाळेत मतदान सुरू झालं, तेव्हा मारुतीच्या देवळापुढं दोन लक्झरी गाड्या उभ्या होत्या. काचेवर कागद चिकटवलेला: ‘भीमाशंकर दर्शन. फक्त महिलांसाठी. मोफत.’ मागं दोन जीपा. एक बौद्धवाड्यातल्या बायकांना देहूरोडच्या विहारात नेणार होती, दुसरी मुसलमान बायकांना जुन्नरच्या दर्ग्याला. सोपानशेठनं कुणालाच वगळलं नव्हतं.

सोपानशेठचं गावात देशी दारूचं दुकान होतं. ते चालू ठेवायचं की बंद करायचं, यावर आज गावातल्या बायका मत देणार होत्या. उभी बाटली म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. यादीत आठशे एक्क्याण्णव बायका. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींनी, म्हणजे चारशे सेहेचाळीस जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. जी आलीच नाही, तिचं मत आपोआप दुकानाला. हे सोपानशेठला सगळ्या गावाच्या आधी समजलं होतं.

अंगणवाडीची आक्काबाई शाळेच्या फाटकातून तरातरा देवळाकडं आली. या मतदानासाठी दारोदार हिंडून सह्या तिनंच गोळा केल्या होत्या. गाडीत चढणाऱ्या प्रत्येकीच्या हातात एक पिशवी दिली जात होती. आत साडी, नारळ, बिस्किटाचा पुडा. पायरीशी सोपानशेठ स्वतः उभा, कपाळाला गंध लावून.

“आक्का, तुमीबी चला. पुढची शीट ठिवलीय.”

“मत टाकून जाऊ द्या त्यांना, शेठ. दहा मिन्टाचं काम हाय.”

“उशीर हुतो ना. तळेघरला जेवान सांगितलंय.” तो हसला. “देवाच्या कामाला आडवं येऊ नये मानसानं.”

आक्काबाईनं मान फिरवली, तर खिडकीत बायडाबाई दिसली. तिच्या शेजारची. भिंतीपलीकडून रोज हिचं ओरडणं ऐकू यायचं. नवरा दुकानातून आला की पहिला हात तिच्यावर पडायचा. अर्जावर पहिला अंगठा हिचाच होता.

“बायडे, तू?”

बायडाबाईनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. “आक्का, लगीन झाल्यापासनं कुठल्या देवाला गेले न्हाई. कुनी नेलंच न्हाई.”

“आन् मत?”

“तुमी येवढ्या जनी हाय की. माझ्या एकीनं काय हुतंय?”

आक्काबाई पुढं काही बोलणार, तोच गाडी सुरू झाली. दारात लोंबकळणाऱ्या माणसानं ‘हर हर महादेव’ची आरोळी ठोकली. सकाळी आठलाच त्याच्या तोंडाला वास येत होता. आतल्या बायकांनी हात जोडले.

जीपाही भरल्या. दर्ग्याच्या जीपला मात्र पाठ करून जोहराबी काठी टेकत शाळेकडं निघाली. सत्तरीची म्हातारी. “दर्गा काय पळून चाललाय?” ती म्हणाली आणि शिक्का मारून व्हरांड्यात बसून राहिली.

आक्काबाई दिवसभर बसली नाही. कांदे काढणाऱ्या बायकांना तिनं शेतातून उठवून आणलं. त्या मातीच्याच हातांनी आल्या, शिक्का मारून परत कांद्याला लागल्या. रत्ना बाळंत होऊन आठवडा झाला होता. तीही कान बांधून, तान्ह्याला पदराखाली घेऊन रांगेत उभी राहिली. गाड्यांची वाट बघणं काही आक्काबाईनं सोडलं नाही. पाच वाजेपर्यंत ती पुन्हा पुन्हा फाटकाशी जाऊन रस्त्याकडं बघत होती.

पाचला दार लागलं. मोजणीला वेळ लागला नाही. मतदान घेणाऱ्या साहेबांनी व्हरांड्यात येऊन वाचून दाखवलं: आडवी बाटली चारशे एकतीस, उभी नऊ, बाद तीन.

जोहराबीनं काठी आपटली. “जिंकलो गं आपुन!”

“न्हाई, चाची. पडलो. पंधरा कमी पडली.”

“आन् त्यो नऊवाला जिकला?”

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

दिवेलागणीला गाड्या परत आल्या. आक्काबाई अजून शाळेच्या पायरीवरच होती. बायडाबाई तिला शोधत आली. नवी साडी तिनं लुगड्यावरूनच खांद्याला गुंडाळून घेतली होती, चेहरा उन्हानं आणि आनंदानं लाल झाला होता. तिनं आक्काबाईच्या कपाळाला अंगारा लावला, हातावर पेढा ठेवला.

“लई ग्वाड दर्शन झालं, आक्का. पिंडीवर डोकं ठिवलं आन् दुसरं कायबी मागितलं न्हाई. म्हनलं, देवा, ह्यांची दारू सुटू दे. त्या मेल्याचं दुकान बंद पडू दे. अकरा सोमवार बोलले.”

पेढा आक्काबाईच्या तळहातावर तसाच राहिला. तो तिला टाकवेना आणि खाववेना.

तेवढ्यात दुकानाच्या बाजूनं फटाक्यांची माळ लागली. एक संपली की दुसरी. गुलाल उधळल्याचा ओरडा आला.

बायडाबाई दचकली. मग तिचे डोळे भरून आले.

“बंद झालं वाटतं,” ती म्हणाली, आणि तिनं भीमाशंकराच्या दिशेला हात जोडले. “पावला गं माझा महादेव.”