घणाघात पथक, भायखळा

पावणेबारा वाजले तरी भायखळ्याचं पथक काही येईना. येणार तरी कुठून? सुभद्राकाकूंनी ते कागदावर जन्माला घातलं होतं, आणि ही गोष्ट त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

लालबागच्या नाक्यावर हंडी टांगलेली, ढोलवाले हात चोळतायत, दोन्ही चाळींच्या गॅलऱ्या माणसांनी वाकल्यात. आणि काकूंची नजर घड्याळावर!

गेल्या वर्षी विसर्जनाला पुढच्या चाळीची आणि मागच्या चाळीची पोरं एकमेकांवर तुटून पडली होती. कारण काय, तर कुणीतरी कुणाकडे रोखून बघितलं! पुढच्या चाळीतल्या हितेंद्रने बाटली फोडली आणि मागच्या चाळीतल्या अवधूतच्या दंडाला एकोणीस टाके पडले. हॉस्पिटल येईपर्यंत तो दंड काकूंनी दाबून धरला होता. तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई, रक्ताला घाबरणारी नव्हे. पण घरी येऊन ढसाढसा रडली.

मग मीटिंगा झाल्या, भाषणं झाली, हातात हात देऊन फोटो झाले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी! मागच्या चाळीत बदल्याची भाषा चालूच राहिली.

आणि यंदा गुरुपौर्णिमेला गोविंदांचा सराव सुरू व्हायचा, त्याच्या आदल्या दिवशी दोन्ही चाळींच्या फळ्यांवर चिठ्ठी लागली. 'तुम्ही आपसात भांडत बसा. सहा थर तुमच्या सात पिढ्यांना जमायचे नाहीत. गोपाळकाल्याला अकरा वाजता तुमच्याच नाक्यावर येऊन लावून दाखवतो. घणाघात गोविंदा पथक, भायखळा.' अक्षर काकूंच्या डाव्या हाताचं.

पोरं अशी पेटली म्हणता! पण सहा थरांना एका चाळीची पोरं पुरेनात. झक मारत एकत्र आली. काकूंनी लगेच कंबर कसली. गुटखा खाणाऱ्याला थरात जागा नाही, प्यायलेल्याला मैदानात पाय नाही, आणि रोज दोन अंडी खायचीच. दीड महिन्यात पोरं नुसती चमकायला लागली. परवा तर अवधूत हितेंद्रच्या खांद्यावर पाय रोवून उभा राहिला! काकूंच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. आनंदाने त्यांनी शेजारणीला असा चिमटा काढला, की ती बिचारी ओरडलीच.

पण आता? दिवस, वेळ आणि नाका लिहून काकूंनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. कोणीच आलं नाही तर पोरं विचारणार, चिठ्ठी लावली कोणी? पुढचे म्हणणार मागच्यांनी, मागचे म्हणणार पुढच्यांनी. की पुन्हा बाटल्या फुटल्याच!

"अरे, घाबरले असतील ते," काकू म्हणाल्या. "तुम्ही लावा की थर!"

"नाय काकू," हितेंद्र म्हणाला. "ते आल्याशिवाय हंडीला हात लावायचा नाय."

"आणि नाहीच आले तर?"

हितेंद्रने अवधूतकडे बघितलं. अवधूतने मान फिरवली.

"मग बघू ना काय करायचं ते," अवधूत म्हणाला.

तो 'बघू' ऐकून काकूंनी पदराने कपाळ पुसलं.

"काकू, एवढा घाम का आलाय? पाणी देऊ?" हितेंद्रने विचारलं.

"मेल्या, ऊन किती आहे बघ!" काकू त्याच्यावर खेकसल्या.

बारा वाजले. गर्दी हुर्यो करायला लागली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. एकमेकांना मारण्यापेक्षा मला शिव्या देऊ देत, असं मनाशी म्हणत काकूंनी माईक हातात घेतला.

"पोरांनो, ऐका. ती चिठ्ठी..."

पुढचं कोणाला ऐकूच गेलं नाही. चिंचपोकळीच्या बाजूने ताशा असा कडाडला, की गॅलरीतली लहान मुलं टाळ्या पिटायला लागली. वळणावरून ट्रक आला. ट्रकात साठ-सत्तर पोरं, भगव्या बनियनांतली, आणि प्रत्येकाच्या छातीवर ठसठशीत अक्षरं: घणाघात, भायखळा.

"आले रे आले!" अख्खा नाका ओरडला. हितेंद्र आणि अवधूत एकमेकांच्या गळ्यात हात टाकून ट्रककडे धावले. काकूंनी विजेचा खांब धरला. हे कोण? आभाळातून पडले की काय?

ट्रकातून एक दांडगा जवान उतरला आणि सरळ काकूंच्या पाया पडला.

"मी लवू, यांचा कॅप्टन. उशीर झाला, माफ करा," तो हसू दाबत त्यांच्या कानाशी म्हणाला. "गुरुपौर्णिमेच्या दिवशीच दोन्ही चाळींची तुमची पोरं एका टेम्पोतून घणाघातवाल्यांना बदडायला भायखळ्याला आली होती, असलं पथकच तिथं नाही म्हटल्यावर आधी पोट धरून हसली, मग हात जोडून म्हणाली, 'म्हणजे आम्हाला एकत्र आणायला ही आमच्या काकूंचीच करामत, त्यांना खोटं पडू द्यायचं नाय, गोपाळकाल्यापर्यंत तेवढं पथक बनवा!'"