चौदा महिन्यांची लेक

समोरची खोली महिनाअखेरीस रिकामी करावी, हा निरोप भावाने वकिलाच्या कारकुनाकडून धाडला. तो स्वतः त्याच घरात, जिन्याच्या वर राहत होता.

ताईने चिठ्ठी दोनदा वाचली आणि कुंचला धुवायला घेतला. आजोबांनी मृत्युपत्रात घर ‘मुलाच्या रक्ताच्या अपत्यांना’ लिहून ठेवलं होतं. भावाचं म्हणणं, ताई रक्ताची नाही. ती दोन वर्षांची असताना तिला बाहेरून आणलं, असं आईने जाण्याच्या आदल्या दिवशी त्याला सांगितलं होतं. तेव्हा खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी तो जिन्यात भेटला.

“आजारी माणूस काहीही बोलतं रे,” ताई म्हणाली.

“ते तुम्ही पंचांपुढे सांगा.”

जन्मभर ‘ताई, तू’ म्हणणाऱ्या भावाच्या तोंडचं ते ‘तुम्ही’ तिला चिठ्ठीपेक्षा जास्त लागलं. वहिनीने तर पडद्यासाठी खिडकीचं मापही घेऊन टाकलं होतं.

त्या खिडकीवर ताईचं पोट होतं. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा यायचा. तीस वर्षं ती तिथे बसून चित्रं रंगवत आली होती. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली जुनी बंदरं, पूल, बाजार. आणि लोकांनी आणून दिलेले घरचे फोटो. भाड्याची खोली मिळाली असती, पण असा उजेड कोण भाड्याने देतं?

जुन्या फोटोंच्या खोडी तिला तोंडपाठ होत्या. त्या काळी कॅमेरा अर्धा-पाऊण मिनिट उघडा ठेवावा लागे. जो हलला, तो पुसला गेला. भर बाजाराचा फोटो ओसाड निघायचा, गाडीचा घोडा बिनडोक्याचा. मग त्यावरून चित्र कोरणारा कारागीर आपल्या मनाने माणसं पुन्हा पेरायचा आणि घोड्याला डोकं द्यायचा. मुलांचे फोटो सगळ्यांत वाईट. आया अंगावरून काळं कापड घेऊन मागे बसत, मुलाला कमरेशी घट्ट धरत, तरी चेहऱ्याचं धुकं व्हायचं ते व्हायचंच. गिऱ्हाइकं अजिजीने म्हणत, बाई, एवढं नाक-तोंड बसवून द्या. ती बसवून द्यायची.

“आता माझा बघा,” म्हणून ती पेटीतून आपला फोटो काढायची. “चौदा महिन्यांची होते. बोटसुद्धा हललेलं नाही.”

खरंच हललेलं नव्हतं. पापणीचा केस न केस मोजून घ्यावा. डोळ्यांवर तेवढा फोटोवाल्याचा कुंचला फिरला होता, पण तो तेव्हा सगळेच फिरवत. मागे कापडाखाली आई. बाळाच्या कमरेशी तिची चार बोटं दिसत होती. पाठीवर वडिलांच्या अक्षरात तारीख आणि ‘आमची लेक, वय महिने चौदा’.

लहानपणी हा फोटो तिला आईच्या कपाटात, अगदी तळाशी सापडला होता. ही मी का, असं तिने विचारलं होतं. आई उठून आत गेली. वडील जरा वेळाने म्हणाले, हो, तूच. किती शहाण्यासारखी बसली होतीस. तेव्हापासून तिला त्या फोटोचा अभिमान होता.

चौदा महिने. भावाचं ‘दोन वर्षांची आणली’ तिथेच कोसळत होतं. फक्त फोटोतलं मूल याच घरचं, एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं.

फोटोवाला जिवंत होता. ऐंशी उलटली होती, सुनेकडे राहत होता. त्याने भिंगाखाली फोटो बराच वेळ धरला.

“माझंच काम. त्या घरच्या तुम्ही?”

“हो.”

“आई कशा आहेत?”

“गेल्या. मागच्याच महिन्यात.”

“सुटल्या,” म्हातारा म्हणाला.

तिला राग आला, पण गरज तिची होती. पंचांपुढे याल का, असं तिने विचारलं. येईन आणि विचारतील ते खरं सांगेन, एवढंच तो बोलला. सून दारापर्यंत सोडायला आली. मामंजी सकाळी काय जेवले ते विसरतात, म्हणाली, पण काढलेला फोटो विसरत नाहीत.

पंच म्हणून दोघांनी एका निवृत्त न्यायाधीशांना मानलं होतं. त्यांच्या बैठकीत चौघं बसली. आईवडिलांना दुसरी मुलगी नव्हती, हे भावानेही कबूल केलं. मग फोटोतलं मूल त्या घरचं ठरलं तर माझ्यापुढे प्रश्नच उरत नाही, असं न्यायाधीश म्हणाले आणि त्यांनी फोटो म्हाताऱ्याच्या हातात दिला.

“हे मूल त्या घरचं?”

“त्याच घरचं. त्या बाईंच्या पोटचं.”

“नक्की?”

“नक्की.”

न्यायाधीशांनी लिहायला घेतलं. ताईने इतक्या दिवसांत पहिल्यांदा भावाकडे नीट पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता, आणि त्याचे केस तिच्याआधी पिकले होते. तिचा राग तिथेच निवला. घरी गेल्यावर आपणच आधी हाक मारायची, वरच्या खोल्यांचं नावही काढायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

भावाने मान वर केली.

“बाबा, तुम्ही हजार मुलांचे फोटो काढले असतील. पन्नास वर्षांनी हाच एक बरा आठवतो?”

म्हातारा त्याच्याकडे न बघता ताईकडे बघत राहिला, जणू तिची परवानगी हवी होती. ती समाधानाने हसली आणि तिने मान हलवली.

“मुलं दुकानात यायची,” तो म्हणाला. “या एकासाठी मी कॅमेरा घेऊन घरी गेलो होतो. बाळाला मातीला न्यायच्या आधी आईला एक फोटो हवा होता.”