फोडणीची तक्रार

१९८६ साली अमेरिकेत नेपरव्हिलला आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीच्या, मॅनेजमेंट कंपनीचा माणूस फोडणीच्या वासाची तक्रार घेऊन दारात आला. मी शरमेने मान खाली घातली.

"दर महिन्याला मेंटेनन्स भरतो आपण!" हे चिडले. "वीणा, फोन करून विचार, तक्रार कुणाची?"

इंग्रजीतले फोन आमची तेरा वर्षांची लेकच करायची. "लीव्ह इट, बाबा," ती म्हणाली.

मी फोडणी बंद केली. पुढे तोच माणूस जिन्यातला दिवा बदलायला आला. "शेजाऱ्यांना सॉरी सांगा," मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं.

"शेजारी कुठले? तुमच्या मुलीचा फोन होता. शाळेत कोटाला वास येतो म्हणाली."

यांना मी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. वीणा आता अल्फारेटाला असते. तिच्याकडे फोडणी घालण्याआधी मी खिडक्या उघडते.



ती येऊन त्या लावून घेते.