लंगडलेली ओळ

"कालिंदी, कडी वाजतेय. बघ गं कोण ते," शिवराममास्तर म्हणाले.

दारात कोट-टोपीतले गृहस्थ उभे होते. नाव वेणीमाधवराव. शाळाखात्यातून आलोय, परीक्षेचे निबंध मास्तर कसे तपासतात ते पाहायचंय, म्हणाले.

"मुन्शी घाटापासून शिपाई जागोजाग अडवतायत," आत येता येता ते हसले. "ठाणं पेटवलं कुणीतरी, आणि जाच सगळ्या गल्लीला!"

कालिंदीनं तान्ह्या बकुळला पदराखाली घट्ट धरलं.

मास्तरांना दिवाळीपासून दिसत नव्हतं. पोरांचे निबंध तीच वाचून दाखवायची. मास्तर गुण सांगायचे, ती लाल शाईनं मांडायची. हे शाळेत कळलं तर त्यांची नोकरी जाणार, नोकरीबरोबर शाळेनं दिलेलं हे घर जाणार. जुन्या मित्राची लेक म्हणून, फारसं काही न विचारता, मास्तरांनी तिला आसरा दिला होता. पोरीला घेऊन जायला तिला दुसरं दार नव्हतं.

"यजमान कुठे असतात?" वेणीमाधवरावांनी विचारलं.

"ग्वाल्हेरला. नोकरी आहे."

"नाव काय त्यांचं?"

"विष्णु दामले," म्हणत तिनं पाण्याचं भांडं पुढे केलं.

मास्तरांनी चाचपून गठ्ठ्यातला एक निबंध उचलला आणि ऐटीत डोळ्यांपुढे धरला. उलटा. वेणीमाधवराव पुढे वाकले आणि त्यांनी कागद सुलटा केला.

"उन्हाची तिरीप येते त्यांच्या डोळ्यांवर," ती घाईघाईनं म्हणाली.

"येणारच. गुण कशावर देता, मास्तर?"

"आधारावर! पोरगं लिहितं, कवीला गंगा प्रिय आहे. असेल बाबा, पण कुठल्या ओळीत? ओळ दाखव, गुण घे. नाहीतर जा चौकात, पान खा!"

वेणीमाधवराव मनापासून हसले. गठ्ठा खालीवर करून त्यांनी एक निबंध काढला. "वहिनी, हा तुम्हीच वाचा. मास्तर ऐकून तपासतील. तिरीपही चुकेल."

माणूस बरा दिसतो, तिला वाटलं. कळूनही झाकतोय. देवच पावला म्हणायचा. ती वाचू लागली. आवाज हळूहळू सावरला.

"'कवीला देवळांहून नदी प्रिय आहे. पण नदीलाही देवाची ओढ आहे, असं तो म्हणतो. आधार...'" ती अडखळली. "'देवापाशी थबके गंगेची चाल.'"

"थांब," मास्तर म्हणाले. "ओळ लंगडली. 'बिंदुमाधवापाशी थबके गंगेची चाल' अशी आहे ती. आपल्या पंचगंगा घाटावरचा देव, बिंदुमाधव! गाढवानं आधारच चुकवला. काप गुण."

वेणीमाधवरावांनी कागदावर नजर टाकली. "मुलानं बरोबर लिहिलंय, मास्तर."

"मग तू गं काय वाचतेस? नीट वाच की. पोराचे गुण जातील फुकट."

कालिंदी ओळीकडे पाहत राहिली. "अक्षर लागत नाही."

"चांगलं ठळक आहे," वेणीमाधवराव हळुवारपणे म्हणाले. "एवढी एक ओळ वाचा, की मी उठलोच. मास्तरांचं घर सलामत, तुमचंही."

बकुळ किरकिरली. कालिंदीनं तिला थोपटलं. ओठ हलले, पण आवाज फुटेना. एक ओळ फक्त. तिनं पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. डोळ्यांतून पाणी ओघळलं ते थेट लेकीच्या जावळावर.

"अगं, बरं नाही का वाटत?" मास्तर गोंधळून हवेत हात फिरवू लागले.

वेणीमाधवरावांनी तिच्या हातातून कागद काढून घेतला, नीट घडी घालून गठ्ठ्यावर ठेवला.

"मुलाला पुरे गुण द्या, मास्तर. तुमच्या डोळ्यांचं मी कुणापाशी बोलणार नाही. मी शाळाखात्याचा नाहीच."

बाहेर गल्लीत बुटांचे आवाज येऊन दारापाशी थांबले.

"नवऱ्याचं म्हणून विष्णूचं नाव किती सहज घेतलंत, वहिनी," ते म्हणाले. "आता सांगा, बिंदुमाधव कुठे लपलेत?"