एकच लीग

ल्युसिलने आठवड्यात दुसऱ्यांदा पडदे धुतले. धाकट्या क्लाइडला संघात घ्यायला फुटबॉलवाले घरी येतील, अशी तिची खात्री होती.

दोन वर्षांपूर्वी थोरल्यासाठी आले होते. तेव्हा अमेरिकेत फुटबॉलच्या दोन लीग होत्या आणि दोन्हींनाही तोच हवा होता. लुईझियानातल्या त्या काळ्यांच्या वस्तीत पहिल्यांदाच गोरी माणसं कुणाच्या घरी जेवायला बसली. हॅस्केल नावाच्या साहेबाने तर बाह्या वर सारून तिची भांडी विसळली, तिला ‘मॅडम’ म्हटलं. चर्चमध्ये ती हे कितीदा तरी सांगायची.

क्लाइड तर भावाहून चपळ होता. तरी कुणी फिरकलं नाही, तेव्हा तिनेच हॅस्केलला फोन लावला.

“घेणार ना त्याला, नक्की घेणार,” तो म्हणाला. “पत्र पाठवू. पण आता दोन्ही लीग एक झाल्यात, ल्युसिल. तो दुसरीकडे जाणार कुठे? मग आम्ही एवढ्या लांब यायचं कशाला?”

तिने फोन ठेवला. दारात क्लाइड इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा होता.

“कधी येतायत, आई?”

“शर्ट बदलून घे,” ती म्हणाली. “मळेल उगाच.”